धोंडू परबाची काठी

१

सकाळी पंपाच्या खोलीमागे धोंडू परबाची काठी सापडली आणि दुपारची जेवणं व्हायच्या आत नऊ नंबरच्या बिल्डिंगने भीमराज खराताला खुनी ठरवून टाकलं.

काठी धोंडूचीच. गिरणीत असताना म्हाताऱ्याने तापलेल्या सळईने मुठीखाली 'धों. परब' असं डागून घेतलं होतं. पंपाची खोली आणि कंपाउंडची भिंत यांच्या फटीत ती अडकली होती. खाली गादीतला काळपट कापूस विखुरलेला. झाडूवाल्याने काठी ओढून काढली, वर धरली, आणि खिडक्याखिडक्यांतून माणसं लोंबायला लागली.

म्हातारा बरेच दिवस कुणाला दिसला नव्हता. विधवा सून जानकी विचारेल त्याला सांगायची, "मामंजी गावाक गेलेत." बिल्डिंगने ते गिळलंही होतं. पण धोंडू परब संडासापर्यंतसुद्धा काठीशिवाय जात नसे. तो कोकणात काठी टाकून गेला?

मग भांडण आठवलं. सगळ्यांना एकदमच आठवलं. भीमराजची आणि धोंडूची खोली भिंतीला भिंत लावून. दोघांच्या मोऱ्यांवर, मधल्या भिंतीत, सिमेंटची जाळी. परबांकडे फोडणी पडली की भीमराजच्या बायकोला, राधाला, खोकल्याची उबळ यायची. भीमराज म्हणायचा जाळी बुजवू. म्हातारा म्हणायचा, "भिंत बोर्डाची आसा, तुझ्या बापाची नाय." शेवटच्या भांडणात भीमराज गॅलरीत उभा राहून ओरडला होता, "म्हाताऱ्या, तू मेलास ना, त्याच दिवशी बुजवतो बघ!"

आणि आता म्हातारा नव्हता, काठी होती.

घाटकोपरच्या त्या कामगार वसाहतीत हे सगळं पंच्याऐंशी साली झालं, आणि नेमकं वाईट वेळी. पंचवीस वर्षं लोकांनी हाउसिंग बोर्डाचं भाडं भरलं, गळकी छपरं स्वतःच्या पैशाने लिंपली, तुंबलेली गटारं स्वतःच्या हाताने उपसली. आता बोर्ड म्हणत होतं, खोल्या तुमच्याच नावावर करून देतो. केवढे उपकार! अट एकच. बोर्डाचा साहेब सोमवारी दारोदार येणार, मूळ भाडेकरू हयात आहे आणि तिथेच राहतो याची खात्री करणार. कुणी दुखण्यापायी बाहेर असला तर शेजाऱ्याची साक्ष चालणार. ज्या खोलीवर तक्रार, ती बाजूला.

सोसायटीचा सेक्रेटरी चंद्रप्रकाश दळवी संध्याकाळी भीमराजच्या दारात आला. आत आला नाही. या दाराच्या आत तो कधीच आला नव्हता.

"भीमराज, मी पोलिसांत जात नाही. पोलीस आले की सगळ्या बिल्डिंगची वाट लागेल. पण तुझी खोली बाजूला ठेवावी लागणार. परबांचीपण."

"काठी सापडली म्हणून मी खुनी?"

"मी कुठे म्हणतो? लोक म्हणतात." दळवी हसला. "सोमवारच्या आत म्हातारा आणून उभा कर. नाहीतर कोर्टात बघ यार."

तो गेला. राधा दाराआड उभी होती.

"उद्या ही खोली गेली तर आपण कुठं जायचं रे?" ती म्हणाली. "गोवंडीला? कचऱ्याच्या डोंगरावर?"

संप फसला तेव्हा भीमराजची गिरणी गेली. आता अंधेरीच्या एका कारखान्यात तो खोकी उचलत होता. या भिंतींशिवाय त्याच्याजवळ जगात काहीही नव्हतं.

२

त्याने आधी दळवीलाच धरलं. दोन लागून असलेल्या खोल्या एकदम बाजूला पडल्या की कुणाच्या पोटात लाडू फुटणार, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. दळवीने वरच्या मजल्यावर दोन खोल्या आधीच गिळल्या होत्या आणि मधली भिंत पाडून दिवाणखाना केला होता.

दळवी बाहेर गेला होता. त्याची बायको रत्नप्रभा मात्र बोलायला टपलेलीच होती. तिने भीमराजला दारात स्टूल दिलं. पाणी दिलं नाही.

"आमच्या ह्यांच्यावर संशय घेतोस होय रे? ह्यांनी म्हाताऱ्याला विचारलं होतं, खोली देतोस का. खोटं कशाला सांगू? तो नाही म्हणाला. मग हे थोरल्याकडे गेले, दत्तारामकडे. तो बोरिवलीला मजेत आहे. बापाची खोली आली तर दुसऱ्या दिवशी विकेल."

"म्हणजे बोलणी झालीत?"

"बोलणी कसली, पूजेलासुद्धा त्यालाच बसवलं."

मागच्या आठवड्यात खोल्या मालकीच्या होणार म्हणून सोसायटीने सत्यनारायण घातला होता. भीमराजकडून वर्गणी नेली होती, बोलावणं आलं नव्हतं.

"दत्ताराम बसला पूजेला?"

"जोडीने बसला. पितांबर नेसून. परबांचा थोरला ना तो. आणि खाली राहणारी ती जानकी? पायरीसुद्धा चढली नाही. म्हणे बाहेरची आहे. अरे, त्याच्या आधीच्या आठवड्यात माझ्या तुळशीपाशी बोलावलं, तेव्हाही बाहेरचीच! किती वेळा बाहेरची होते ही बाई? पोर प्रेमा प्रसादाला आली, शिऱ्यावर हात जायच्या आत आईने खालून हाक मारून परत नेली. पोरीला तरी शिरा खाऊ द्यायचा! मस्ती, दुसरं काय."

भीमराजला त्या बायकांच्या भानगडीत रस नव्हता. तो उठला.

"आणि ऐक," रत्नप्रभा मागून म्हणाली. "म्हाताऱ्याशी शेवटचा भांडला तो तू नव्हेस. तुझ्या नंतर दत्ताराम येऊन गेला. म्हाताऱ्याला 'मर' म्हणून गेला. आमच्या ह्यांनी ऐकलंय."

३

दत्ताराम परब बोरिवलीला स्वतःच्या दोन खोल्यांत राहत होता. दारावर पितळी पाटी, आत फ्रिज. भीमराजला पाहून त्याचे डोळेच फिरले.

"हिंमत बरी आहे तुझी. बापाला मारतोस आणि माझ्या घरी चहाला येतोस?"

"चहा देणार नाहीस, ते ठाऊक आहे. तू बापाला मर म्हणालास. खरं का?"

"म्हणालो. परत म्हणेन." दत्ताराम जराही वरमला नाही. "मी थोरला. सीताराम गेला, माझा भाऊ. संपात पिऊन पिऊन गेला, ते कोणाला चुकलं नाही. पण म्हणून खोली त्याच्या बायकोला? म्हाताऱ्याने बोर्डाच्या अर्जावर अंगठा दिला, माझ्यामागे सून जानकी आणि नात प्रेमा. मला विचारलं नाही की सवरलं नाही. मी बोललो, मर तिच्याच दारात!"

"म्हणजे म्हातारा सोमवारी हयात निघाला तर खोली जानकीची. मेलेला निघाला तर तुझी."

"आता कळलं ना? मग ओरड की, मी मारला म्हणून."

तेच भीमराजच्या जिभेवर होतं.

"अरे मूर्खा," दत्ताराम खाली वाकून म्हणाला, "मी मारला असता तर प्रेत अंगणात ठेवलं असतं. मला तो मेलेला हवाय, गायब नकोय! गावाला तार केली. गावात नाही. ती आता म्हणते, वैद्याकडे ठेवलाय. कुठला वैद्य? नाव नाही. खोटं बोलते रांड. पण तिच्या अंगात म्हातारा मारायची ताकद नाही. उरलं कोण? तू. तुमच्या लोकांना हे काय नवीन आहे?"

शेवटच्या वाक्यावर भीमराजचा हात उठला होता. सोमवार आठवला आणि त्याने तो खाली घेतला. आयुष्यात इतका अपमान त्याने दुसऱ्या कशासाठीही गिळला नसता.

घरी आला तेव्हा राधा मोरीपाशी पदर तोंडाला लावून खोकत होती.

"सुरू झालं परत," ती खोकत म्हणाली.

"काय सुरू झालं?"

"फोडणी! तिकडची. इतके दिवस कशी सुखात होते मी. काठी सापडली त्या सकाळपासून परत सुरू. आज तर सुकटीला लसूण घातलाय मेलीने."

पाय धुवायला तांब्या घेतलेला भीमराज मोरीत तसाच उभा राहिला. हातातला तांब्या त्याने खाली ठेवला नाही, पाणीही घेतलं नाही.

४

"बंद कधीपासून होती?"

"म्हातारा दिसेनासा झाला, त्याच्या पाठोपाठ चारआठ दिवसांनी असेल. मला वाटलं, तेल परवडत नसेल. चार घरची भांडी घासते बिचारी. डाळ शिजल्याचा वास यायचा, भात उतू गेलेला वास यायचा, पण चर्र म्हणून नाही की काही नाही. मी प्रेमाला विचारलं पण, काय गं, काय जेवलीस? तर म्हणाली, पांढरी डाळ."

"आणि मग एकदम तेल आलं? कुठून आलं?"

राधाने खांदे उडवले.

भीमराजला स्वतःच्या आजीचं मरण आठवलं. तेव्हा धम्म घेतलेला नव्हता, गावच्या जुन्या चालीच घरात होत्या. आजी गेली आणि त्याच्या ताटात रोज बिनफोडणीची डाळ पडायला लागली. लसूण नाही, मोहरी नाही, वर तेलाचा टिपूस नाही. तो भोकाड पसरून म्हणाला होता, फोडणी घाल गं आये. आईने खाडकन थोबाडीत दिली होती. पुढे घराने ते सगळंच सोडलं. राधाला तर माहीतही नव्हतं.

तो बाहेर पडला आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. प्रेमा शाळेत गेली होती. जानकी स्टोपाशी बसली होती. म्हाताऱ्याची खाट भिंतीला उभी लावलेली. त्यावर गादी नव्हती.

"वहिनी," भीमराज हळू म्हणाला, "सुतक फिटलं?"

जानकीच्या हातातली पळी कढईत पडली. तिने काढली नाही. कढईतला लसूण करपून काळा झाला, तरी तिने स्टो बंद केला नाही. शेवटी भीमराजनेच केला.

"कोणाक सांगितलास?" तिने विचारलं.

"कोणाला नाही."

मग ती बोलली, खाली बघून, सपाट आवाजात, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं.

"त्यांनीच ठरवल्यानी, भाऊजी. छाती भरली होती. म्हणाले, जानकी, मी काय सोमवार बघत नाय. घरात मेलो तर दत्तू उद्याच तुका नि पोरीक बाहेर काढतलो. माका इस्पितळाच्या दारात सोड आणि परत फिर. नाव विचारलं तर सांगेन, आठवत नाय. काठीवर नाव होतं म्हणून काठी घरात ठेवल्यानी. दार धरून, भिंत धरून आत गेले. मागे वळून पण नाय बघितल्यानी."

"आणि तू?"

"मी भेटायच्या वेळेला जायची. त्यांच्या शेजारच्या खाटेवर कोणच नसलेला एक म्हातारा होता. त्याला केळं द्यायची, तिथूनच मामंजींकडे बघायची. बोलायचं नाय, असं ठरलं होतं. एक दिवस खाट रिकामी. वॉर्डबॉयने विचारलं, तुमचा कोण होता काय? मी म्हटलं, नाय. कोण नाय." ती थांबली. "बेवारस म्हणून नेला त्यांका. गिरणीत तीस वर्षं काढलेला माणूस. रडूकपण येईना. रडली असती तर शेजारी ऐकलं असतं."

"मग सुतक कशाला धरलंस? कुणाला कळलं नसतं."

जानकीने पहिल्यांदा वर बघितलं. त्याने काहीतरी घाण बोलल्यासारखं बघितलं.

"बोर्डाला फसवीन मी. दत्तूक फसवीन. मेलेल्या माणसाक कसं फसवू?"

सुतक फिटल्यावर तिने गादी आणि काठी टाकून दिली होती. मेलेल्याचं घरात ठेवायचं नसतं. गादी भंगारवाल्या पोरांनी फाडून नेली. काठी फटीत अडकली ती त्या पोरांना दिसलीच नाही.

"साहेब येईल तेव्हा साक्ष तुमची लागतली," ती म्हणाली. "शेजारी तुम्हीच. एवढंच म्हणा, जित्ते आहेत, औषधाला गेलेत. पोरीच्या डोक्यावर छप्पर राहील."

"म्हणेन," भीमराज म्हणाला. आणि त्या क्षणी ते अगदी खरं होतं.

५

सोमवारी बोर्डाचा साहेब आला. वाईट माणूस नव्हता. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. घामाने डबडबलेला, दमलेला, प्रत्येक दारात तेच तीन प्रश्न विचारून कंटाळलेला.

परबांच्या दारापुढे सगळी बिल्डिंग गोळा झाली होती. दत्ताराम सकाळपासून येऊन बसलेला. दळवी साहेबाच्या कानाशी लागला.

"साहेब, या दोन खोल्या बाजूला ठेवा. इथला म्हातारा गायब आहे, आणि शेजारच्यावर संशय आहे. काठी सापडली आहे. सोसायटीची लेखी तक्रार देतो."

साहेबाने पेनाचं टोपण लावलं. "मग माझं इथे काम नाही. दोन्ही खोल्या प्रलंबित. कोर्टाचा निकाल आणा."

"साहेब, म्हातारा हयात आहे," भीमराज म्हणाला. "गावी औषधाला गेलाय. मी शेजारी, मी साक्ष देतो."

"खुनी साक्ष देतोय!" दत्ताराम ओरडला. लोक हसले.

"गाव कुठलं? पत्ता?" साहेबाने विचारलं. जानकीने तोंड उघडलं आणि मिटलं. "बाई, पत्ता नसेल तर मी काय लिहू? चला, पुढची खोली."

साहेब वळला. भीमराजच्या दाराकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, सरळ पुढे निघाला. दारात राधा उभी होती, तिने दोन्ही हातांनी चौकट धरली होती. ती ओरडली नाही की रडली नाही. भीमराजकडे बघत राहिली. बस, तेवढंच.

"थांबा साहेब!"

आवाज आपलाच आहे हे भीमराजला नंतर कळलं.

"म्हातारा मेला. पण कुणी मारला नाही. थांबा, सांगतो."

जानकीने डोळे मिटले.

आणि भीमराज बोलत सुटला. आता थांबता येत नव्हतं. रत्नप्रभाकडे बोट करून म्हणाला, "जानकी दोन आठवड्यांत दोनदा बाहेरची झाली, असं तुम्हीच सांगितलं ना? बरं, आई बाहेरची असेल, पण पोरीने प्रसाद का खायचा नाही? घरात सुतक असलं की खात नाहीत." मग जाळीकडे. "माझी बायको शपथेवर सांगेल, या घरात फोडणी पडत नव्हती. गरिबी म्हणाल, तर काठी सापडली त्या दिवशी पगार झाला होता का? सुतक फिटलं म्हणून तेल आलं. पंपामागे काठी होती, आणि काठीपाशी कापूस होता. तो सगळ्यांनी बघितला. खून करणारा गादी कशाला नेईल? मेलेल्याची गादी टाकतात, काठी टाकतात. तेच टाकलं होतं. दत्तारामवर मी संशय घेतला होता. पण हा पितांबर नेसून सत्यनारायणाला बसला. बाप गेल्याचं कानावर असतं, तर बसायची याची छाती झाली नसती. दळवीला म्हातारा जिवंत हवा की मेलेला, याचं काही पडलेलं नव्हतं. त्याला फक्त गोंधळ हवा होता. म्हातारा स्वतःच्या पायाने इस्पितळात गेला, तिथेच वारला. मारलं कुणी नाही. मी तर नाहीच नाही!"

सगळं कसं चपखल बसलं. एकही दुवा सुटला नाही. एकेक दुवा जुळत होता आणि जानकीच्या खोलीची एकेक वीट निघत होती, हे त्याला बोलतानाच दिसत होतं.

पहिला आवाज दत्तारामचा निघाला. बाप गेल्याचं नुकतंच कळलेल्या मुलाचा.

"रांडे!" तो जानकीवर धावून गेला. "मला सुतकात पूजेला बसवलंस?"

बापाचं नावसुद्धा घेतलं नाही त्याने.

साहेबाने जानकीला विचारलं, "हे खरं आहे का, बाई?"

खोटं बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं बहुतेक. तिने होकाराची मान हलवली.

"मग अंगठा देणारा आज हयात नाही. तो अर्ज संपला," साहेब म्हणाला, आणि जरा थांबून, जणू माफी मागितल्यासारखा, "नवरा असता तर गोष्ट वेगळी होती." त्याने पेनाचं टोपण काढलं. "चौदा नंबर, मूळ भाडेकरू मयत. थोरल्या मुलाने वारसाचे कागद आणावेत. पंधरा नंबर?"

"भीमराज खरात," दळवी चडफडत म्हणाला. "हयात."

"राहतो?"

"राहतो."

साहेबाने खूण केली आणि तो पुढच्या दाराकडे गेला.

६

दत्तारामने इस्पितळात खेटे घालून बापाच्या मरणाचा कागद मिळवला. प्रेत मिळालं नाही, त्याने मागितलंही नाही. दळवीने खोलीचा सौदा केला. जानकी एक पत्र्याची पेटी आणि पोर घेऊन गोवंडीला गेली, मावसबहिणीच्या झोपडीत, डोंगराच्या पायथ्याशी. जाताना भीमराजच्या दारावरून गेली. थांबली नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्याने ऐकून घेतल्या असत्या. पोर प्रेमाने मात्र राधाला हात हलवला.

ज्या दिवशी खोली भीमराजच्या नावावर झाली, त्या दिवशी त्याने येताना घमेलंभर वाळू आणि अर्धी पाटी सिमेंट आणलं. शेजारी आता कुणी नव्हतं. जाळी बुजवायला हरकत घेणारं कुणी उरलं नव्हतं. भिंत बोर्डाची नव्हती, त्याची होती.

"आधी जेवून घे," राधा म्हणाली.

तो बसला. ताटात भात होता, त्यावर डाळ होती. त्याने कालवली, घास घेतला आणि थांबला. लसूण नाही, मोहरी नाही, तेलाचा टिपूस नाही. पांढरी डाळ.

"फोडणी विसरलीस?"

राधाने त्याच्याकडे बघितलं नाही. ती मोरीवरच्या जाळीकडे बघत होती.

"जेव गप," ती म्हणाली. "विसरले नाही."